देहाचे वजन आणि शस्त्रक्रियेची दीडशे वर्षे

1957 च्या लोकसभा निवडणुकीत झाशीच्या मतदारांनी एका डॉक्टरला दिल्लीला पाठवले. डॉ. सुशीला नायर मूळच्या पंजाबातल्या. लेडी हार्डिंग कॉलेजातून वैद्यक शिकून त्या सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात राहिल्या आणि कस्तुरबांच्या अखेरच्या दिवसांत आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यापाशी होत्या. 1962 ते 1967 या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. त्यांच्या झाशी मतदारसंघात 1968 साली महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीत, त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला खेड्यातले मेडिकल कॉलेज उभे केले. राणी लक्ष्मीबाईंच्या, म्हणजे नेवाळकरांच्या, झाशीशी महाराष्ट्राचे नाते 1857 च्या रणधुमाळीपुरते नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी ते दवाखान्याच्या वाटेने पुन्हा जुळले.

झाशीत बायकांच्या उपचारांची परंपरा त्याहून जुनी होती. अमेरिकेतल्या स्त्रियांनी चालवलेल्या एका मिशनने तिथे खास बायका-मुलांसाठी रुग्णालय काढले होते, कारण पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही असा तो काळ होता. कॉलेज आल्यावर बुंदेलखंडातल्या बाईला प्रसूतीसाठी, गाठीसाठी, रक्तस्रावासाठी दार उघडे झाले. तरी एका रुग्णेसमोर 1968 साली जगातली बडी रुग्णालयेही अडखळत होती. पाळी जाऊन पाच-दहा वर्षे झालेली, अंगाने जड, सोबत मधुमेह आणि रक्तदाब, आणि आता पुन्हा अंगावर लाल जाऊ लागलेली बाई. तिच्या गर्भाशयाच्या अस्तरात कर्करोग सापडे. इलाज ठाऊक होता : गर्भपिशवी काढून टाकणे. पण नेमकी तीच बाई शस्त्रक्रियेला ‘अनफिट’ ठरे.

हा लेख त्या बाईचा आहे. तिच्यापर्यंत सुरी सुखरूप पोचावी यासाठी शल्यवैद्यकाला दीडशे वर्षे लागली. त्या प्रवासातला शेवटचा टप्पा रोबोटचा आहे. पण रोबोटचे मोल कळायचे तर आधीची वाट पाहायला हवी.

ब्रेस्लाऊ ते स्टॉकहोम

30 जानेवारी 1878 रोजी ब्रेस्लाऊ शहरात विल्हेल्म अलेक्झांडर फ्रॉइंड या जर्मन शल्यविशारदाने पोट उघडून कर्करोगग्रस्त गर्भाशय काढले. ती रुग्ण वाचली. त्यानंतर इतरांनी तीच शस्त्रक्रिया केली तेव्हा मात्र अनेक जणी दगावल्या. रक्त चढवण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके नव्हती, भूल म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा इथर. 1898 साली व्हिएन्नात एर्न्स्ट वर्टहाइमने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आजूबाजूच्या ऊतींसह गर्भाशय काढण्याची पद्धत बसवली आणि या शाखेला शिस्त आली.

त्याच सुमारास फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी एक साधी युक्ती रूढ झाली. त्यांचे शिष्य विली मायर यांनी 1885 साली ती छापून प्रसिद्ध केली. रुग्णाचे डोके खाली आणि कंबर वर करून टेबल तिरके करायचे. आतडी छातीकडे सरकतात, ओटीपोट रिकामे होते, गर्भाशय डोळ्यांसमोर येते. आजही ओटीपोटाची शस्त्रक्रिया याच स्थितीत होते. जड देहाच्या रुग्णेची सगळ्यात मोठी अडचणही याच तिरक्या टेबलावर उभी राहते.

पोट उघडायचे तर त्वचेखालची चरबी कापावी लागते. सडपातळ बाईत ती बोटभर असते, जड बाईत वीतभर खोल असू शकते. तळाशी गर्भाशय, बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिन्या; सर्जनचा हात त्या खोल भागात पोचता पोचत नाही. टाके घातल्यावर चरबीत रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम पिकते, उसवते. बाई अंथरुणाला खिळली की पायाच्या शिरांत रक्त गोठते आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. कर्करोगाने नव्हे, शस्त्रक्रियेच्या जखमेने रुग्ण गमावण्याची ही भीती सर्जनला हात आखडता घ्यायला लावत असे.

म्हणून दुसरी वाट शोधली गेली. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या संस्थेत जेम्स हेमन यांनी 1930 च्या दशकात रेडियमच्या छोट्या कुप्या गर्भाशयात दाटून भरण्याची पद्धत आणली. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या बायकांना तिने आधार दिला. मुंबईत परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि किरणोपचाराची सोय आपल्याकडेही आली. झाशीहून मुंबईला जायला पंजाब मेल होतीच, 1912 पासून. अकराशे किलोमीटरचा तो रेल्वेमार्ग पुढे उत्तरेतल्या असंख्य कर्करोगग्रस्तांच्या कुटुंबांची परळची वाट झाला. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पिशवी जागेवर ठेवून नुसत्या किरणांवर सोपवणे हा शस्त्रक्रियेच्या तोडीचा इलाज नव्हता. जड बाईला मिळणारा उपचार दुय्यम दर्जाचा होता, आणि त्याचे कारण तिचा रोग नव्हता, तिचे शरीर होते.

खालची वाट

आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे एक बलस्थान या अडचणीत कामी येई. पोटाला हात न लावता योनीमार्गाने गर्भाशय काढण्यात मुंबईचे सर्जन वाकबगार होते. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भ टिकवणाऱ्या टाक्यामुळे जगभर झाले. योनीमार्गाच्या शस्त्रक्रियांतले त्यांचे कौशल्यही तेवढेच मोठे होते. पुरंदरे घराण्याने मुंबईत याच विद्येच्या पिढ्या घडवल्या. कोलकात्यात डॉ. सुबोध मित्र यांनी कर्करोगासाठी याच वाटेची मोठी शस्त्रक्रिया विकसित केली.

जड रुग्णेत खालची वाट पोटावरची चरबी सरळ टाळते. जखम दिसत नाही, बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालू लागते. मात्र या वाटेने बीजकोश प्रत्येक वेळी हाती लागत नाहीत, आणि पोटात रोग कुठवर गेला आहे हे पाहता येत नाही. 1988 साली जागतिक स्त्रीरोग संघटनेने, म्हणजे फिगोने, ठरवले की गर्भाशयाच्या कर्करोगाचा टप्पा शस्त्रक्रियेतच ठरवायचा : पोट आतून तपासायचे, लसीकाग्रंथी काढून पाहायच्या. नियम शास्त्रशुद्ध होता, पण त्याने खालची वाट अपुरी ठरली. जड बाईला पुन्हा मोठ्या चिरेकडे वळावे लागले.

चरबी नुसती साठत नाही

या काळात आणखी एक शोध लागत होता. जड बायकांनाच हा कर्करोग जास्त का होतो, याचे उत्तर अमेरिकेत पेंटी सिटेरी आणि पॉल मॅकडोनाल्ड यांच्या संशोधनातून पुढे आले. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, पण अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोस्टेनडायोन या संप्रेरकाचे चरबीच्या पेशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. चरबी जितकी जास्त, तितके हे रूपांतर जास्त. पाळीच्या वयात इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉन लगाम घालते. पाळीनंतर हा लगाम उरत नाही. गर्भाशयाचे अस्तर वर्षानुवर्षे वाढत राहते आणि त्यातल्या काही पेशी बिघडतात. डिसेंबर 1975 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधनगटांनी दाखवले की पाळीनंतर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा कर्करोग कितीतरी जास्त आढळतो. गोळीतून येणारे संप्रेरक आणि चरबीत तयार होणारे संप्रेरक, दोघांचे काम एकच.

2016 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने सगळा पुरावा पुन्हा तपासला. लठ्ठपणाशी निगडित कर्करोगांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अग्रभागी होता. अतिलठ्ठ बायकांत त्याचा धोका सडपातळ बायकांच्या सुमारे सातपट निघाला.

म्हणजे या रोगाची शस्त्रक्रिया शोधायची तर ती जड देहासाठीच शोधायला हवी होती. सडपातळ बाईवर उत्तम चालणारे तंत्र जड बाईवर चालत नसेल, तर या रोगापुरते ते तंत्र अर्धवटच राहते. दीडशे वर्षांच्या या कथेचा कणा हाच आहे.

दुर्बीण येते आणि अडखळते

1988 च्याच जानेवारीत अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पहिली गर्भाशय-शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे 1972 पासून दुर्बीण वापरणारे डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. 1992 साली अॅरिझोनातल्या चिल्डर्स आणि सरविट यांनी गर्भाशयाच्या कर्करोगातही हे तंत्र वापरल्याचे प्रसिद्ध केले. वीतभर चिरेऐवजी बोटाच्या पेराएवढी चार-पाच भोके. जखमच नाही तर ती पिकणार कुठून?

पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या गटाने दुर्बिणीतून कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत इतकी पक्की बसवली की 2007 साली 248 रुग्णांचा त्यांचा अनुभव ‘पुणे टेक्निक’ या नावाने आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होती. पुढे रोबोटच्या शस्त्रक्रियांवरही या गटाने लिहिले. ओटीपोटाच्या खोल भागात दुर्बिणीने किती बारकाईने काम होऊ शकते, हे मराठी मुलखातल्या एका शहराने जगाला दाखवले.

मग अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ‘लॅप टू’ नावाच्या या चाचणीत 1996 ते 2005 या काळात गर्भाशयाच्या कर्करोगाच्या 2616 रुग्णा होत्या. काहींचे पोट उघडले, काहींवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुर्बिणीच्या गटात मोठे उपद्रव कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी. 2012 साली कळले की पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाणही दोन्हीकडे सारखे, सुमारे 90 टक्के.

पण 2009 च्या निबंधात आणखी एक आकडा होता. दुर्बिणीने सुरू केलेल्या दर चारपैकी एक शस्त्रक्रिया मध्येच थांबवून पोट उघडावे लागले होते. सर्जन याला ‘कन्व्हर्ट करणे’ म्हणतात. आणि हे प्रमाण वजनाबरोबर वाढत गेले होते : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 25 असताना सुमारे साडेसतरा टक्के, आणि 40 च्या वर गेल्यावर 57 टक्के. ज्या बाईला लहान जखमेची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला मोठी जखम येत होती.

कारण यांत्रिक होते. दुर्बिणीची सरळ, लांब अवजारे पोटाच्या भिंतीतून आत जातात आणि त्या भिंतीवर टेकून हलतात. भिंत वीतभर जाडीची असेल तर ती प्रत्येक हालचालीला विरोध करते. सर्जनचे खांदे आणि मनगटे तासाभरात भरून येतात. आत पुरेशी जागा हवी तर वायूचा दाब वाढवावा लागतो, टेबल आणखी तिरके करावे लागते. मग पोटातले सगळे वजन छातीखालच्या श्वासपटलावर येते, फुप्फुसे दबतात आणि भूलतज्ज्ञ सांगतो : टेबल सरळ करा, हिला श्वास पुरत नाही.

मनगट असलेले यंत्र

दूरवरून शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्राची कल्पना रणांगणासाठी जन्मली. जखमी सैनिक आघाडीवर, सर्जन सुरक्षित ठिकाणी, अशा विचाराने अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कॅलिफोर्नियातल्या संशोधनाला पैसा पुरवला. त्यातून 1995 साली इन्ट्युटिव्ह सर्जिकल ही कंपनी निघाली. मार्च 1997 मध्ये बेल्जियममध्ये तिच्या आरंभीच्या यंत्राने पहिल्यांदा माणसाचे पित्ताशय काढले गेले. त्याच बेल्जियन गटाने लवकरच लठ्ठपणासाठी पोटाला पट्टा बसवण्याची शस्त्रक्रियाही या यंत्राने केली आणि 1999 साली ती प्रसिद्ध केली. जड देह आणि रोबोट यांची गाठ अशी अगदी सुरुवातीलाच पडली होती. 2000 साली याच कंपनीच्या ‘दा विंची’ रोबोटला अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली, 2005 साली स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी. त्याआधी 2002 मध्येच टेक्ससमधून डियाझ-अरास्टिया यांच्या गटाने 11 बायकांचे गर्भाशय या यंत्राच्या साहाय्याने काढल्याचा वृत्तान्त आला होता.

यंत्र स्वतःहून काही करत नाही. सर्जन टेबलापासून काही पावलांवर कन्सोलपाशी बसतो, दोन्ही डोळ्यांनी खोली असलेले मोठे चित्र पाहतो, बोटे दोन मुठींत अडकवतो. त्याच्या बोटांची हालचाल आठ मिलिमीटर जाडीच्या अवजारांच्या टोकाशी उमटते. हाताचे बारीक कंप गाळले जातात. अवजाराच्या टोकाशी मनगटासारखा सांधा असतो. पोटाची भिंत कितीही जाड असो, तिचा भार यंत्राचा हात सोसतो, सर्जनचा खांदा नव्हे.

शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या रुग्णेची तयारी पाहण्यासारखी असते. टेबलावर आधी खास फोम अंथरतात, नाहीतर तिरके केल्यावर ती डोक्याकडे घसरेल. हात अंगालगत ठेवून कोपर आणि मनगट मऊ गाद्यांनी वेढतात, कारण तासन्‌तास दाब राहिला तर नस दुखावते. डोळ्यांवर पट्टी, चेहऱ्यावर संरक्षक कवच. पायांवर फुगणारे-ओसरणारे पट्टे, रक्त गोठू नये म्हणून. मग एकही भोक पाडण्याआधी टेबल तिरके करून काही मिनिटे थांबतात. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेतला दाब पाहतो. दाब मर्यादेत राहिला तरच पुढे जायचे. जड पोटात बेंबी खाली ओघळलेली असते, म्हणून पहिले भोक बेंबीवर विसंबून न घेता वरच्या बाजूला मोजून घेतात. यंत्राचे हात जोडले की ते पोटाची भिंत किंचित उचलून धरतात. मग वायूचा दाब थोडा कमी ठेवूनही काम चालते. दाब कमी म्हणजे फुप्फुसांना मोकळीक. गर्भाशय सुटे झाले की ते योनीमार्गाने अखंड बाहेर काढतात. आत तुकडे करत नाहीत, कारण कर्करोगाच्या पेशी पोटात सांडता कामा नयेत. आतल्या टोकाला टाके घातले की टेबल सरळ.

2008 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या पाओला गेरिग यांच्या गटाने लठ्ठ आणि अतिलठ्ठ रुग्णांचीच तुलना छापली : 49 जणींवर रोबोटने, 32 जणींवर साध्या दुर्बिणीने शस्त्रक्रिया. रोबोटच्या गटात वेळ कमी लागला, रक्तस्राव कमी झाला, लसीकाग्रंथी जास्त मिळाल्या. आकडे लहान होते, पण प्रश्न नेमका होता. 2019 साली टोरांटोच्या संशोधकांनी 51 अभ्यास आणि 10,800 रुग्णांची माहिती एकत्र केली. लठ्ठ रुग्णांत पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत साडेसहा टक्के, रोबोटमध्ये साडेपाच; फरक नाममात्र. बीएमआय 40 च्या वर गेल्यावर मात्र 7 विरुद्ध 3.8. तिरक्या टेबलावर श्वास न झेपल्यामुळे पोट उघडावे लागण्याचा वाटा दुर्बिणीत 31 टक्के होता, रोबोटमध्ये 6 टक्के. यंत्राचा फायदा कुणाला, हे या आकड्यांनी दाखवले. तो सगळ्या बायकांना सारखा नाही. सर्वांत जड बाईला तो सर्वांत जास्त आहे.

डेन्मार्कने देशभराच्या नोंदी तपासल्या तेव्हा रोबोट आल्यानंतर पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्याचे आणि गंभीर उपद्रव कमी झाल्याचे आढळले. लसीकाग्रंथींचा प्रश्नही हलका झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फायर्स’ चाचणीत हिरवा चमकणारा रंग गर्भाशयमुखात टोचून, तो ज्या पहिल्या ग्रंथीत पोचतो ती आधी काढून तपासली, मग पडताळ्यासाठी बाकीच्याही. रोग पसरला होता आणि अशी पहिली ग्रंथी सापडली होती त्या बायकांपैकी 97 टक्के जणींत या पहिल्या ग्रंथींनी तो अचूक दाखवला. खोल चरबीतून सगळ्या ग्रंथी खणून काढण्याची गरज बऱ्याच जणींपुरती संपली.

2018 चा धक्का

याच वेळी शेजारच्या रोगात वेगळेच घडले. 2018 साली पेद्रो रामिरेझ यांच्या चाचणीने दाखवले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या बायकांत रोग जास्त उलटतो. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडलेल्यांत 96.5 टक्के, लहान भोकांच्या गटात 86. जगभरच्या सर्जनांनी हात मागे घेतले. पुण्यासह जिथे जिथे हे तंत्र कसोशीने विकसित झाले होते, तिथल्या सर्वांना आपापले निकाल पुन्हा तपासावे लागले.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात मात्र पाया भक्कम राहिला. ‘लॅप टू’नंतर ऑस्ट्रेलियातल्या आंद्रेयास ओबरमायर, मोनिका यांडा आणि सहकाऱ्यांनी 760 रुग्णांवर केलेल्या चाचणीत, 2017 साली, दोन्ही पद्धतींत रोगमुक्त राहण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आले : 81 टक्क्यांच्या आसपास. अवयव एकच, तरी मुखाचा रोग आणि अस्तराचा रोग यांचे वागणे निराळे. लहान जखम चांगली असे सरसकट म्हणून चालत नाही. कोणत्या रोगात चांगली, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. या शिस्तीमुळेच आज जड बाईला सांगता येते की तुझ्यासाठी निवडलेली वाट पारखून घेतलेली आहे.

मुंबई, दिल्ली आणि झाशी

भारतात दिल्लीच्या एम्समध्ये 2006 साली मूत्ररोगांसाठी रोबोट आला. 2010 च्या दशकात दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, कोची इथल्या कर्करोग केंद्रांत तो गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांना लागला. यंत्राची किंमत कोट्यवधींची, अवजारे ठरावीक वापरांनंतर बदलावी लागतात, त्यामुळे खर्च रुग्णाच्या बिलात उतरतो. 2022 च्या सुमारास गुरुग्रामच्या एका कंपनीने, हृदयशल्यविशारद सुधीर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने, देशी बनावटीचा ‘मंत्र’ रोबोट बाजारात आणला. जानेवारी 2025 मध्ये त्याच यंत्राने गुरुग्रामला बसलेल्या सर्जनांनी 286 किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या रुग्णावर हृदयशस्त्रक्रिया केली. 2001 साली न्यूयॉर्कमध्ये बसून जॅक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या रुग्णेचे पित्ताशय काढले होते. तेव्हा नवलाची असलेली गोष्ट आता आपल्या दोन शहरांत घडते आहे.

झाशीच्या बाईला हे कधी आणि कसे मिळेल, हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांत 24 जणींचा बीएमआय 25 च्या वर होता. त्याआधीच्या पाहणीत 20.6. शहरी बायकांत तर तेहतीस. आज चाळिशीत असलेल्या या बायका पंधरा-वीस वर्षांनी त्या वयात पोचतील, ज्या वयात हा कर्करोग गाठतो. बुंदेलखंडात आजवर कुपोषणाचीच चिंता केली गेली. तिथल्या शहरांतही आता लठ्ठपणाची चिंता करायला हवी.

या रोगाने एक उपकार केला आहे : तो लपून राहत नाही. अस्तराच्या कर्करोगाच्या पाळी गेलेल्या दहा रुग्णांतल्या नऊ जणींना आधी रक्तस्राव होतो. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या दर अकरा-बारा बायकांत साधारण एकीला हा कर्करोग निघतो. म्हणून पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो तपासायलाच हवा. ‘उष्णता झाली असेल’, ‘उतारवयात होतंच’, असे म्हणून महिने घालवले की पहिल्या टप्प्यातला रोग तिसऱ्यात जाऊ शकतो. तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी दिसते. पिपेल नावाची साधारण तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी गर्भाशयात घालून आतला दट्ट्या ओढला की अस्तराचा तुकडा नळीत येतो. बहुतेकींना भूल लागत नाही; ओपीडीत काही मिनिटांत होते. तो तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट झाशीच्या मेडिकल कॉलेजात असू शकतो, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असू शकतो.

त्यापुढे काय करायचे ते या दीडशे वर्षांनी शिकवले आहे. साधारण वजनाच्या रुग्णेची दुर्बिणीची शस्त्रक्रिया प्रशिक्षित सर्जन जवळच्या मोठ्या शहरात करू शकतो. तिला रोबोटची वाट पाहायची गरज नाही. बीएमआय 40 च्या वर गेलेल्या रुग्णेला रोबोट असलेल्या केंद्रात पाठवावे, आणि तिचा खर्च सरकारी विम्यातून भागावा. 2018 पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. जड रुग्णेच्या अशा शस्त्रक्रियेला त्यात ठोस तरतूद हवी. आणि शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन, साखर आणि रक्तदाब यांची काळजी तिच्या गावात घेतली जायला हवी, कारण पहिल्या टप्प्यातून बऱ्या झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात कर्करोगापेक्षा हृदयविकाराचा धोका मोठा असतो.

1968 साली झाशीत मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा अपेक्षा अशी होती की बाईच्या आजाराला गावाजवळ उत्तर मिळावे. त्या अपेक्षेचा अर्धा भाग आजही हातात आहे आणि त्याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. पाळी गेलेल्या प्रत्येक बाईला, तिच्या मुलीला, सुनेला आणि आशा ताईला एक गोष्ट ठाऊक असावी : पाळी गेल्यानंतरचे रक्त तपासल्याशिवाय साधे समजू नये, आणि जडपणाची लाज वाटून डॉक्टरकडे जायचे टाळू नये. ही शस्त्रक्रिया आता जड देहाला नकार देत नाही. यंत्र दिल्लीला असो वा लखनौला, बाई वेळेत तपासणीला आली तरच ते तिच्या कामी येणार.